गिऱ्हाईक उभं कुठे राहणार? फेरीवाल्यांना धरून रस्ता आखायची रीत

फुटपाथवर पांढऱ्या रंगाने एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखले, त्यात आकडे टाकले, की फेरीवाला क्षेत्र झालं असं धरून चालायची आपल्याकडे सवय आहे. त्या चौकोनात एक भाजीवाली बसवून बघा. भाजीचा प्लास्टिक क्रेट साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा असतो. ती शेजारीशेजारी दोन आणि मागे-पुढे तीन, असे सहा क्रेट मांडते. म्हणजे मालालाच १.२ बाय १.२ मीटर गेले. मागे ती स्वतः मांडी घालून बसते, तिला ६० सेंटिमीटर लागतात. वजनकाटा आणि गल्ल्याचा डबा क्रेटच्या कडेला, कोथिंबिरीचं ओलं पोतं पाठीशी. समोर पिशवी घेऊन वाकलेलं गिऱ्हाईक आणखी ७० सेंटिमीटर घेतं. खोली झाली अडीच मीटर आणि आखलेला चौकोन एक मीटरचा. उरलेला दीड मीटर चालणाऱ्यांच्या वाट्यातून जातो, मग तक्रार येते, मग गाडी येऊन माल उचलते. अडचण नकाशातच होती, कारण गिऱ्हाईक उभं कुठे राहणार हे त्यात कोणी काढलंच नव्हतं.

पुढची पद्धत नगरपरिषद किंवा महापालिका हद्दीतल्या १८ मीटर रुंदीच्या बाजाररस्त्याला धरून लिहिली आहे. रस्ता वेगळा असेल तर आकडे बदलतील. कामाचा क्रम मात्र बदलू नका.

आधी मोजा, तेही वेगवेगळ्या वेळी

१:२०० प्रमाणाचा नकाशा घ्या. शंभर मीटरचा रस्ता त्यावर ५० सेंटिमीटरचा होतो आणि ए-२ कागदावर मावतो. दुकानांची दारं, फाटकं, झाडं, खांब, विजेच्या डीपी पेट्या, चेंबरची झाकणं आणि बसथांबा आधी त्यावर काढून घ्या. मग सकाळी ६, ११, संध्याकाळी ६ आणि रात्री ९ अशा चार फेऱ्या मारा: एक कामाचा दिवस, एक रविवार आणि गावात आठवडी बाजार असेल तर तो दिवस. दुपारी बारा वाजता एकदाच जाऊन केलेली पाहणी निम्मा बाजार गमावते. पहाटेची फुलं-भाजी तेव्हा उठून गेलेली असते आणि रात्रीच्या पावभाजीच्या गाड्या आलेल्या नसतात.

प्रत्येक जागेसाठी एवढं टिपा: माल काय, मांडणी कशावर (जमिनीवर पथारी, हातगाडी, टोपली, टपरी), टेपने घेतलेलं माप, विक्रेत्याचं तोंड कुठे, माल कशातून आणि कधी उतरतो, रात्री गाडी कुठे ठेवतात, पाणी कुठून आणतात. हातगाडीचं माप अंदाजाने लिहू नका. साधारण १.२ बाय १.८ मीटर निघतं, पण फळवाले बाजूला फळ्या जोडून ती वाढवतात आणि ती वाढच पुढे भांडणाचं मूळ होते.

चालणाऱ्यांची मोजणी १५ मिनिटांची करा, येणारे आणि जाणारे वेगळे धरा. इथे एक गोष्ट हमखास दिसते. भाजीचा संध्याकाळचा धंदा घरी जाणाऱ्यांच्या बाजूला असतो. स्टेशन किंवा एसटी स्टँडवरून वस्तीकडे जाणारा फुटपाथ भरलेला आणि समोरचा रिकामा. फुटपाथ रिकामा दिसतो म्हणून विक्रेत्यांना समोर हलवणारा आराखडा पंधरा दिवसही टिकत नाही, कारण दमून घरी निघालेला माणूस मेथीच्या जुडीसाठी रस्ता ओलांडत नाही. हॉकर्स मार्केटच्या पहिल्या मजल्यावरचे गाळे ओस पडतात तेही यामुळेच. नुसता गाळा दिला, पण गिऱ्हाईक जिना चढून वर येत नाही.

डोक्यावर पाटी घेऊन फिरणारे, कल्हईवाले, चाकू-सुऱ्यांना धार लावणारे या मोजणीत सुटतात. त्यांना आखलेली जागा नको असते. तासभर टेकायला सावली आणि पाणी मिळालं की भागतं. तरी नोंद त्यांचीही हवी.

कायदा, कामापुरता

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा या सगळ्याचा पाया आहे. जागा आखताना त्यातल्या काही तरतुदी थेट उपयोगी पडतात.

शहर फेरीवाला समिती (नगर पथविक्रेता समिती) शिवाय आराखडा पुढे सरकत नाही. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण किमान दर पाच वर्षांनी करायचं आहे आणि ते पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. प्रभागाच्या, क्षेत्राच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, असा मापदंड आहे. म्हणजे चार लाखांच्या शहरात दहा हजारांपर्यंत. स्थलांतर करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत सोडावा लागतो.

आराखडा काढणाऱ्याने पहिली अनुसूची मात्र शब्दन् शब्द वाचावी. नैसर्गिक बाजार, म्हणजे जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइकं पूर्वापार जमत आली आहेत अशी जागा, ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. केवळ गर्दी होते हे त्यासाठी कारण चालत नाही. घाण होते हेही चालत नाही, जोवर ती फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि पालिकेच्या उपायांनी आवरता येत नाही असं दाखवलं जात नाही. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार हा वारसा बाजार ठरतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांपासून १०० मीटर अंतरात विक्रीला मनाई आहे. तिथे काम करताना ही वर्तुळं नकाशावर पहिल्याच दिवशी काढा. नंतर काढली तर सगळी मेहनत पुसावी लागते.

रस्त्याचा छेद

चालण्याच्या पट्ट्याला आधी हात लावू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचाऱ्यांच्या सोयींच्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा सांगितली आहे. बाजाराच्या रस्त्यावर २.५ मीटर धरा, म्हणजे दोन माणसं पिशव्या घेऊन शेजारून जाऊ शकतात आणि व्हीलचेअर अडकत नाही. या पट्ट्यात खांब, फलक, पायरी, कुंडी यांतलं काहीही नको.

१८ मीटर दोन्ही बाजूंना सारखे वाटायचा मोह आवरा. धंद्याची बाजू आणि मोकळी बाजू वेगळी ठेवली की हिशेब जमतो. धंद्याच्या बाजूला दुकानांच्या पायऱ्यांसाठी ०.५, चालायला २.५, गिऱ्हाइकाला ०.७, मालाला १.२, विक्रेत्याला ०.६ आणि वाहनांपासून आडोशाला ०.४: एकूण ५.९ मीटर. मग गाड्यांसाठी ७ मीटर. समोर २.१ मीटरचा थांबण्याचा पट्टा आणि दुकानाच्या कडेसह ३ मीटरचा फुटपाथ. बेरीज १८.

तो २.१ मीटरचा पट्टा चैनीचा नाही. सकाळी आठपर्यंत तिथे छोटा हत्ती लागून माल उतरतो, नंतर दुचाक्या लागतात. हा पट्टा वाचवून रस्ता रुंद केला की टेम्पो रस्त्यातच उभा राहतो आणि गाड्यांना मिळते ती आधीपेक्षाही कमी जागा.

१२ मीटरच्या रस्त्यावर दुहेरी वाहतूक आणि बाजार दोन्ही बसत नाहीत. तिथे ५.९ मीटरची बाजू, ३.८ मीटरची एकेरी वाट आणि समोर २.३ मीटरचा फुटपाथ अशी मांडणी करा. कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, उंच न ठेवता तिन्ही भाग जवळजवळ एका पातळीत घ्या, म्हणजे वेळ आली तर आगीचा बंब फुटपाथवर चाक चढवू शकतो. ९ मीटरच्या गल्लीत पक्क्या जागा देऊच नका. ठरलेल्या वेळी वाहनं बंद करून बाजार भरवणं हाच तिथला मार्ग.

शंभर मीटरमध्ये किती जण?

दीड मीटर दर्शनी रुंदीचा एक विक्रेता धरला तर कागदावर १०० मीटरमध्ये ६६ जण बसतात, आणि बैठकीत हाच आकडा सांगितला जातो. आता वजाबाकी करा. दोन्ही टोकांचे कोपरे प्रत्येकी १० मीटर मोकळे, कारण वळणाऱ्या गाडीला रस्ता ओलांडणारा माणूस दिसला पाहिजे. बसथांब्याचे १५ मीटर. तीन फाटकांचे चार-चार म्हणजे १२. उरले ५३.

या ५३ मीटरमध्ये सलग रांग लावू नका. चार विक्रेत्यांचे ६ मीटर आणि मग दीड मीटरची फट, असा ७.५ मीटरचा गट करा. सात गट, २८ विक्रेते. फट वाचवून आणखी सहासात जण घुसवले की रांगेची भिंत होते: रिक्षातून उतरलेली म्हातारी फुटपाथवर येऊ शकत नाही आणि मागच्या दुकानदाराचं दुकान झाकलं जातं. दुकानदारांचा विरोध निम्म्याने कमी करणारी गोष्ट म्हणजे ही फट, आणि ती शक्यतो दुकानाच्या दारासमोर येईल अशी आखा. एका आड एक फटीत झाड लावा. उरलेल्या फटींत दिव्याचा खांब कडेला घेऊन हातगाडी चढेल असा उतार द्या.

२८ हा आकडा ऐकून समितीत कुरकुर होणारच. त्याचं उत्तर वेळ वाटून घेण्यात आहे, चौकोन लहान करण्यात नाही.

तोंड कुठे करायचं

विक्रेत्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड फुटपाथकडे. गिऱ्हाईक मग फुटपाथवर सावलीत उभं राहतं. उलट मांडणीत, म्हणजे पाठ दुकानाकडे आणि तोंड रस्त्याकडे केलं, तर गिऱ्हाईक डांबरावर उतरतं आणि स्कूटरवाला न उतरताच ‘कांदे कसे दिले?’ विचारतो. हे विक्रेत्यांनाही ठाऊक असतं. स्कूटरवरचं गिऱ्हाईक चांगलं असतं म्हणून त्यांना तोंड रस्त्याकडेच हवं असतं. हा आग्रह मोडायचा तर दुचाकी लावायला जवळ जागा द्यावी लागते. वर सांगितलेला समोरचा पट्टा त्यासाठीच आहे आणि तो गटापासून लांब असेल तर काही उपयोग नाही.

पाठीमागच्या ०.४ मीटरच्या आडोशात ४५ सेंटिमीटर उंचीची भिंत बांधा. विक्रेता तिला टेकतो, दुपारी तिच्यावर बसतो, आणि वाहनापासून बचावही होतो. लोखंडी रेलिंग स्वस्त पडतं, पण त्याला पहिल्याच आठवड्यात कपड्यांचे हँगर लटकतात आणि मग माल रस्त्याच्या अंगाने बाहेर येतो.

फटींच्या तोंडाशी खुंट लावाल तेव्हा मधलं अंतर किमान ९० सेंटिमीटर ठेवा, नाहीतर व्हीलचेअर अडते. एवढ्या फटीतून स्कूटरही जाते. त्याला बांधकामात इलाज नाही, माणूसच ठेवावा लागतो.

जमीन, पाणी, सावली, उजेड

पक्का ओटा बांधायची घाई नको. ओटा एकाच धंद्याचा होतो, सकाळी भाजी आणि रात्री खाऊगल्ली अशी अदलाबदल मग जमत नाही. जमीन सपाट ठेवा, ५० ला १ असा उतार कर्बकडे द्या आणि कडेला जाळीचं उथळ गटार घ्या. उतार चालण्याच्या पट्ट्याकडे गेला तर पालेभाजीवर मारलेलं पाणी दिवसभर लोकांच्या पायाखाली येतं. जाळी हाताने उचलता येईल अशा तुकड्यांची हवी. सिमेंटने बसवलेली जाळी कोणी साफ करत नाही. पेव्हर ब्लॉकपेक्षा खरखरीत शहाबादी किंवा काँक्रीट बरं, कारण ब्लॉकच्या सांध्यांत तेल आणि पाला अडकतो.

मासळी याला अपवाद. तिला ओटा हवाच: गुळगुळीत, धुता येणारा, गिऱ्हाइकाला फार वाकावं लागणार नाही इतका उंच, आणि स्वतंत्र गटाराला जोडलेला. मासळी आणि भाजी एकाच गटात टाकू नका.

खाण्याच्या गाड्या एकत्र ठेवा, कारण त्यांना लागणाऱ्या सोयी खर्चिक असतात. आठ-दहा गाड्यांमागे एक नळ आणि भांडी घासायची मोरी, आणि मोरीनंतर तेल अडवणारा चेंबर. हा चेंबर नसेल तर वडे तळलेलं तेल गटारात थिजतं आणि पावसाळ्यात पाणी तुंबतं. चेंबर आठवड्यातून एकदा उपसायचं काम कुणाचं, ते बांधायच्या आधी लिहून घ्या. सिलिंडर उभा, चालण्याच्या पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला आणि उन्हापासून आडोशाला. गाड्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवा.

सावली दिली नाहीत तर ती विक्रेते स्वतः करतात: झाडाला खिळा, खांबाला दोरी, वर निळी ताडपत्री. ताडपत्रीची खालची कड नेमकी चालणाऱ्याच्या कपाळाच्या उंचीवर येते. म्हणून प्रत्येक जागेच्या मागच्या कोपऱ्यात छत्रीसाठी पाइप पुरा. आतला व्यास छत्रीच्या दांड्यापेक्षा जेमतेम मोठा, खोली ४५ सेंटिमीटर, तळाला खडी म्हणजे पाणी मुरतं, तोंडाला झाकण आणि ते जमिनीच्या पातळीत. खोदण्याआधी महावितरणच्या केबलचा आणि पाण्याच्या लाइनीचा नकाशा मागवा, तो जुना असेल असं धरून हाताने एक खड्डा खणून बघा. छत्रीची कड चालण्याच्या पट्ट्यावर येत असेल तर २.२ मीटरच्या खाली नको. झाडं कडुलिंब किंवा करंजाची लावा. गुलमोहर दिसायला सुरेख, पण पावसाळ्यात त्याच्या फांद्या मोडतात आणि खाली माणसं बसलेली असतात.

विजेचा खर्च लोकांना वाटतो त्याहून फारच कमी असतो. १२ वॅटचा एक दिवा धरला तर २८ जागांना ३३६ वॅट, म्हणजे एका मिक्सरपेक्षा कमी. दर गटाला एक कुलपाची पेटी, चार सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र मीटर. हे दिलं नाही की शेजारच्या दुकानातून किंवा खांबावरून वायर येते आणि तिचं भाडंही कुणीतरी खातो. रस्त्याचा दिवा ४-५ मीटर उंचीचा आणि पांढऱ्या उजेडाचा घ्या. पिवळ्या दिव्याखाली पालक शिळा दिसतो.

स्वच्छतागृह दीडशे मीटरच्या आत आणि बाजार उठेपर्यंत उघडं हवं. ते नसेल तर विक्रेत्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. याची तक्रार समितीच्या बैठकीत क्वचितच कोणी करतं, म्हणून विचारून घ्या.

एक जागा, दोन पाळ्या

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, नाशिकला गोदाघाटावर बुधवारचा बाजार, म्हापशात शुक्रवारचा. अहमदाबादच्या माणेक चौकात दिवसा सराफी चालते आणि रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. वेळेने जागा वाटून घेणं आपल्याकडे नवीन नाही. पालिकेच्या कागदावर तेवढं ते येत नाही.

२८ जागांच्या दोन पाळ्या केल्या की ५६ जणांची सोय होते. सकाळी ६ ते १२ आणि दुपारी ४ ते रात्री १०. मधले चार तास झाडू, पाण्याने धुणं आणि कचरा उचलणं यासाठी. ही मधली वेळ खाल्ली की पाळी मोडते, कारण संध्याकाळचा विक्रेता सकाळच्याच्या पाल्यावर बसायला तयार होत नाही. दोन्ही पाळ्यांची जागा एकाच आकड्याने ओळखा, पण प्रमाणपत्रावर वेळ छापा. हातगाड्या ठेवायला ३०० मीटरच्या आत कुलपाची जागा लागते. ती नसेल तर गाडी साखळीने झाडाला बांधून जातात आणि पुढच्या पाळीची जागा अडते.

चुन्याने आखा, मग बांधा

पहिले चार आठवडे फक्त चुन्याच्या रेघा, दोरी आणि रिकामे क्रेट. एक रेघ मालासाठी आणि दुसरी, ठळक, गिऱ्हाइकाच्या पायासाठी. ही दुसरी रेघच चालण्याच्या पट्ट्याची हद्द. रोज संध्याकाळी सातला एकाच ठिकाणी उभं राहून फोटो काढा. रेघ कुठे मोडते ते तिसऱ्या दिवशीच दिसतं: बहुतेकदा पाणीपुरीपाशी, कारण तिथे गिऱ्हाईक रांगेत नाही, घोळक्यात उभं राहतं. पाणीपुरी, चहा आणि रसवंतीला रांगेच्या टोकाला, फटीशेजारी जागा द्या म्हणजे घोळका फटीत मावतो.

जागांचं वाटप समितीसमोर चिठ्ठ्या टाकून करा, पण सगळ्या शंभर मीटरची एकच सोडत नको. एका मालाचे गट ठरवा आणि गटातल्या गटात सोडत काढा. शेजारी बसणाऱ्या दोघी एकमेकींची जागा सांभाळून जेवायला जातात, तेव्हा जोडीने चिठ्ठी मागितली तर द्या. बाजार बैठकीची पावती रोज कागदावर फाडण्याऐवजी महिन्याची, आणि त्यात झाडूवाल्याचा आणि चेंबर उपशाचा खर्च वेगळा दाखवा. जागा भाड्याने दिली जाते का, हे तीन महिन्यांनी एकदा अचानक तपासा. प्रमाणपत्रधारक किंवा त्याच्या घरचंच माणूस बसलं पाहिजे, असा कायदा आहे.

दुकानदाराने स्वतःची पायरी आणि फ्रीज अर्धा मीटर पुढे आणला की सगळा हिशेब फसतो आणि दोष फेरीवाल्यावर येतो. म्हणून दुकानाच्या कडेच्या ०.५ मीटरलाही तशीच रेघ मारा, त्याच चुन्याने, त्याच दिवशी.

पक्कं काम उन्हाळ्यात उरका. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नकाशा घेऊन जा. छत्र्यांचं पाणी कुठे पडतं, कोणत्या जाळीवर पाला साचून डबकं होतं, कोण आपली जागा सोडून दुकानाच्या पत्र्याखाली सरकलं, हे पेन्सिलने टिपा. ज्या जागा पावसात रिकाम्या झाल्या त्यांचा उतार किंवा छत्रीचा पाइप चुकला आहे. दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या, कारण पत्र्याखाली सरकलेला विक्रेता गणपतीपर्यंत तिथलाच होतो.